विजेचा ताल चुकला तर : फ्रिक्वेन्सी रिले काय करतो, आणि कुणासाठी



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि आज बोलायचं आहे ते सबस्टेशनमधल्या एका डबीवर. पण थोडा विचार करा. एका नखाएवढ्या चिपवर चालणारी ही डबी वीस-तीस गावांची लाइट घालवायची की ठेवायची हे सेकंदाच्या पाचव्या भागात ठरवते. तिला कुणाची परवानगी लागत नाही, फोन करावा लागत नाही. ती कशावरून ठरवते, तिला जे कळतं ते खरं कशावरून, आणि तिने ज्याची लाइट घालवली त्याच्याच वाट्याला ते का आलं, हे प्रश्न इंजिनिअरांचे आहेत तसे आमच्याही धंद्यातले आहेत. म्हणून हा उद्योग.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. गावाकडे संध्याकाळी बल्ब पिवळा पडला, पंखा रेंगाळायला लागला, की लोक म्हणतात ‘लाइट कमी झाली’. ते बहुतेक वेळा व्होल्टेजचं दुखणं असतं. व्होल्टेज ही स्थानिक गोष्ट. विहिरीच्या पाण्यासारखी. तुमच्या विहिरीला पाणी असेल, शेजारच्याची कोरडी असेल. डीपीवर ताण आला, तार लांबली, आकडे पडले, की त्या डीपीखालच्या लोकांचं व्होल्टेज पडतं; चार किलोमीटरवर कुणाला पत्ताही नसतो. फ्रिक्वेन्सीचं तसं नाही. ती सगळ्यांची एकच असते. दिंडीत पाचशे माणसं चालत असली तरी टाळ-मृदंगाचा ठेका एकच असतो ना, तसं. परंड्याच्या पिठाच्या गिरणीला जी फ्रिक्वेन्सी मिळते तीच त्या क्षणी गुवाहाटीच्या दवाखान्याला मिळते, पठाणकोटच्या रेल्वेला मिळते. भारतात हा ठेका सेकंदाला ५० आवर्तनांचा ठरलेला आहे, म्हणजे ५० हर्ट्झ.

हा एकच ठेका आपल्याकडे कधी झाला, ते आपल्या जिल्ह्याच्या दारात घडलेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. पूर्वी देशात पाच वेगवेगळी प्रादेशिक जाळी होती, प्रत्येकाचा ठेका वेगळा. एकेक करून ती जुळत गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेचं जाळं जोडलं गेलं आणि दक्षिण सोडून बाकी देश एका तालात आला. दक्षिण मात्र बाहेर राहिली. तिच्याशी देवाणघेवाण व्हायची, पण चंद्रपूरकडच्या भद्रावतीसारख्या ठिकाणी विजेचं आधी डीसी करून मग पुन्हा एसी करून. शेवटी ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. सोलापूर म्हणजे आपल्याला तासा-दीड तासाचा रस्ता! त्या दिवसापर्यंत आपल्या उमरगा तालुक्यात एक ठेका होता आणि शिवेपलीकडे कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात दुसरा. बाजार एक, बोलीत फार फरक नाही, दोन्हीकडे सोयरीक, पण मोटारी वेगळ्या वेगाने फिरत होत्या. त्या रात्रीनंतर दोन्हीकडच्या मोटारी एका तालात आल्या. वर्तमानपत्रांनी याची पुरेशी दखल घेतली नाही असं आमचं मत आहे.

आता हा ठेका येतो कुठून? विजेच्या कारखान्यातल्या जनित्राच्या फिरण्यातून. औष्णिक केंद्रातलं मोठं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रातली जनित्रं सावकाश फिरतात, पण त्यांच्या ध्रुवांची संख्या जास्त असते, म्हणून ठेका तोच पडतो. देशभरातली ही सगळी अवजड चाकं जणू एकाच जुवाला जोडलेली आहेत. नांगराचे बैल आठवा. जमीन मऊ आहे तोवर चाल एकसारखी. फाळ कठीण ढेकळात गेला की बैलांची चाल मंदावते. त्यांना जोर लावायला क्षणभर वेळ लागतो, त्या क्षणात चाल पडते. विजेचं हुबेहूब तेच. विजेचा साठा तारेत होत नाही. ज्या क्षणी मागणी, त्या क्षणी निर्मिती. मागणी जास्त झाली किंवा एखादं केंद्र अचानक बंद पडलं, तर कमी पडलेली ऊर्जा त्या फिरत्या चाकांच्या वेगातूनच काढली जाते. चाकं मंदावतात, फ्रिक्वेन्सी पडते. निर्मिती जास्त झाली की उलट, चाकं उधळतात.

किती वेगाने पडते? साधं गणित आहे. चाकांमध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे पूर्ण भार साधारण पाच सेकंद पेलता येईल इतकी, असं धरा. आता १० टक्के निर्मिती अचानक गेली. ०.१ ला ५० ने गुणा, पाचाच्या दुपटीने म्हणजे दहाने भागा. उत्तर येतं सेकंदाला अर्धा हर्ट्झ. म्हणजे ५० वरून ४९.४ वर यायला १.२ सेकंद. या वेळात माणूस चष्माही नीट करत नाही. आता दुसरं उदाहरण. सोलापूरच्या एनटीपीसी केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. समजा दोन्ही एकदम बंद पडले, १३२० मेगावॅट गेले. देशाचा भार दोन लाख मेगावॅट असेल तर ही तूट पाऊण टक्कासुद्धा नाही. फ्रिक्वेन्सी पडण्याचा वेग निघतो सेकंदाला ०.०३ हर्ट्झ. इतक्या वेळात बाकीच्या केंद्रांचे गव्हर्नर वाफेचे, पाण्याचे झोत वाढवतात आणि निभावून नेतात. एकत्र जाळ्याचा हा फायदा. संकट मोठ्या पंक्तीत वाटलं जातं.

पण पंक्तच मोडली तर? तेच २०१२ साली झालं.

३० जुलै २०१२, पहाटे अडीचच्या सुमारास बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी तुटली आणि पाठोपाठ उत्तरेचं जाळं बाकीच्या देशापासून सुटलं. उत्तर भाग बाहेरून वीज घेत होता, ती एकदम थांबली. फ्रिक्वेन्सी कोसळली आणि जाळं बंद. ते उभं करतात न करतात तोच ३१ तारखेला दुपारी एक वाजता पुन्हा तेच, या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही गेले. सुमारे ४८ हजार मेगावॅट भार आणि साठ कोटींच्या आसपास माणसं अंधारात. खाणीत माणसं अडकली, रेल्वेगाड्या रुळावर उभ्या राहिल्या. आपला पश्चिम विभाग वाचला. आपल्याकडे उलट झालं. जी वीज उत्तरेला जात होती तिला घेणारा राहिला नाही, म्हणून फ्रिक्वेन्सी ५१ च्या वर गेली.

आता यातली मेख ऐका. उत्तरेत अशा प्रसंगासाठी रिले बसवलेले होते. चौकशी समितीच्या अहवालात आकडे आहेत. फ्रिक्वेन्सी ठरावीक पातळीखाली गेली की सुमारे ४००० मेगावॅट भार तोडायचा, आणि ती फार वेगाने पडत असेल तर आणखी सुमारे ६००० तोडायचा. एकूण १० हजार मेगावॅटची सोय, कागदावर. ३० तारखेची तूट त्याहून बरीच कमी होती. ती सोय प्रत्यक्षात काम करती तर जाळं उभं राहायला हवं होतं. ती पुरेशी चालली नाही. कुठे रिले बंद ठेवलेले, कुठे नादुरुस्त, कुठे जोडणीच नीट नाही, अशीच ही कारणं असतात. का बंद ठेवतात? कारण रिले चालला की लोक सबस्टेशनवर चालून येतात, आणि ऑपरेटरला वाटतं, आपलाच फीडर कशाला, दुसऱ्याचा जाईल की! प्रत्येकाने हाच विचार केला तर काय होतं ते त्या दोन दिवसांत दिसलं. आमच्या शास्त्रात सामाजिक कराराबद्दल पुष्कळ पोथ्या आहेत. त्या सगळ्यांपेक्षा हा अहवाल विद्यार्थ्यांना आधी वाचायला द्यावा असं आम्हाला वाटतं.

फ्रिक्वेन्सी थोडी पडली तर एवढं काय बिघडतं, हा प्रश्न रास्त आहे. तुमच्या-आमच्या घरात फारसं काही बिघडत नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडे संध्याकाळी ती ४८ च्या आसपास असायची आणि मध्यरात्रीनंतर ५१ च्या वर. घरं चालत होती. बिघडतं ते कारखान्यात. वाफेच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली पाती लांबलचक असतात आणि ती ठरलेल्या वेगासाठीच घडवलेली असतात. वेग बदलला की ती थरथरायला लागतात, आणि हा थरकाप साठत जातो. आज दहा सेकंद, महिन्याने पंधरा सेकंद, आणि एक दिवस पातं तुटतं. म्हणून ४७.५ च्या आसपास केंद्रं स्वतःला वाचवायला जाळ्यातून बाहेर पडतात. ते त्यांच्या दृष्टीने बरोबर, पण त्यामुळे तूट आणखी वाढते आणि उरलेली केंद्रंही जातात. विझलेलं केंद्र पुन्हा पेटवायला बाहेरूनच वीज लागते. तेव्हा ४७.५ येण्याच्या आधी भार कमी करणं एवढाच उपाय उरतो. ते काम रिलेचं.

आता डबी उघडून पाहू.

पूर्वी हे काम विद्युतचुंबकीय रिले करायचे. तांब्याच्या वेटोळ्यात फिरणारी वाटी, स्प्रिंग, संपर्काची टिकली. घड्याळजीच्या हाताचं काम. धूळ बसली, स्प्रिंग सैल झाली की पातळी सरकायची. नंतर ट्रान्झिस्टरचे आले. आता मायक्रोकंट्रोलरचे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपवरचा लहानसा संगणक. गणित करणारा भाग, थोडी स्मृती, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, एक घड्याळ. तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये तो आहे, टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे.

सबस्टेशनमध्ये ३३ हजार किंवा ११ हजार व्होल्टचं व्होल्टेज आधी पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर ११० वर आणतो. रिलेच्या आत ते आणखी उतरवून, गाळून, चिपला झेपेल इतकं करतात. लाट वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. प्रत्येक वेळी खालून वर जाताना ती शून्य ओलांडते. त्या क्षणी चिपला एक टिचकी बसते. चिप काय करते? एका टिचकीपासून दुसऱ्या टिचकीपर्यंत आपल्या घड्याळाचे ठोके मोजते. घड्याळ मायक्रोसेकंदाला एक ठोका देत असेल तर ५० हर्ट्झला बरोबर २०,००० ठोके भरतात. ४९.४ ला २०,२४३. ४८.८ ला २०,४९२. फ्रिक्वेन्सी पडली की आवर्तन लांबतं, म्हणून ठोके वाढतात. स्मृतीत लिहिलेलं असतं की आकडा २०,२४३ च्या वर गेला आणि गेलेलाच राहिला तर ब्रेकर तोड. मूळ कल्पना एवढीच. सातवीतल्या मुलीला कळेल.

मग अवघड काय आहे? अवघड आहे ते हे ओळखणं की आकडा वाढला म्हणजे फ्रिक्वेन्सीच पडली, दुसरं काही झालं नाही. इथे आम्हाला आमचे नैयायिक आठवतात. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं अनुमान. पण दिसलं ते धुकं असेल तर? धुळीचा लोट असेल तर? रिलेला फ्रिक्वेन्सी ‘दिसत’ नाही. त्याला दिसतात टिचक्या. टिचक्यांवरून तो अनुमान करतो, आणि अनुमान आलं की हेत्वाभास आलाच.

तीन हेत्वाभास सांगतो. पहिला, लाट स्वच्छ नसते. वेल्डिंग, इन्व्हर्टर, एलईडी यांमुळे तिच्यावर बारीक लहरी चढतात आणि शून्यापाशी ती एकाच्या जागी तीनदा ओलांडते. चिपला वाटतं आवर्तन संपलंच. उपाय म्हणजे आधी चांगला गाळा, आणि एकदा टिचकी बसली की पुढचे काही मिलिसेकंद कान बंद.

दुसरा जास्त फसवा आहे. जवळपास कुठे तार तुटली, फांदी पडली, मोठा भार जोडला-तोडला, तर व्होल्टेजची लाट जागच्या जागी सरकते. ताल तोच, पण एक पाऊल पुढे-मागे. समजा ती १० अंशांनी सरकली. ३६० अंशांना २०,००० मायक्रोसेकंद, म्हणजे १० अंशांना ५५६. ते एक आवर्तन २०,५५६ चं भरतं, आणि हिशेबाने फ्रिक्वेन्सी येते ४८.६५! देशात सगळं आलबेल असताना या डबीला वाटतं प्रलय आला. म्हणून एका आवर्तनावर कधीही विश्वास ठेवायचा नाही. पाच, सहा, दहा आवर्तनं सलग तेच सांगत असतील तरच मानायचं. दहा आवर्तनं म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तेवढी सबुरी परवडते.

तिसरा आपल्या भागातला. एखादा फीडर दुसऱ्याच कारणाने वरून बंद झाला, पण त्यावर पाण्याच्या मोटारी, गिरण्या फिरत होत्या. त्या लगेच थांबत नाहीत. थांबता थांबता जनित्रासारखं थोडं व्होल्टेज उलटं टाकत राहतात, आणि त्याची फ्रिक्वेन्सी भराभर पडत जाते. रिले हे पाहतो आणि ब्रेकर तोडून ठेवतो. वरून वीज परत येते, पण हा फीडर तुटलेलाच. यावर उपाय असा की व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं तर रिलेने निर्णयच द्यायचा नाही. पुरेसा पुरावा नसताना गप्प बसावं, हे माणसांनाही जमत नाही, चिपला मात्र चार ओळींत शिकवता येतं.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प म्हणून हा रिले हौसेने बनवतात. काही शे रुपयांचे भाग पुरतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. चिपच्या आत फुकट मिळणारं घड्याळ वापरू नका. ते एक टक्क्याने सहज चुकतं, आणि ५० चा एक टक्का म्हणजे अर्धा हर्ट्झ. म्हणजे ठणठणीत जाळं तुम्हाला ४९.५ वर आजारी दिसेल. बाहेरून क्वार्ट्झचा स्फटिक लावा, त्याची चूक दशलक्षात पन्नास भागांच्या आत असते, म्हणजे ०.००२५ हर्ट्झ. स्फटिक दहा-वीस रुपयांचा. दुसरी गोष्ट पडण्याच्या वेगाची. आपल्या पश्चिम विभागात फ्रिक्वेन्सी ४९.९ च्या खाली आणि सेकंदाला ०.१ हर्ट्झ किंवा जास्त वेगाने पडत असेल तर पहिला टप्पा तोडायचा, पुढे ०.२, ०.३, अशी पद्धत आहे. मुलं काय करतात, लागोपाठच्या दोन आवर्तनांची वजाबाकी करतात. आता मायक्रोसेकंदाचा एक ठोका इकडेतिकडे झाला तर ०.००२५ हर्ट्झचा फरक, भागिले ०.०२ सेकंद, बरोबर ०.१२५. म्हणजे काहीही घडलेलं नसताना फक्त मोजण्याच्या चुकीमुळे पहिला टप्पा ओलांडला! दोन मोजमापांत दहा आवर्तनांचं अंतर ठेवलं की तीच चूक ०.०१२५ वर येते. वेग मोजणं म्हणजे फरकाचा फरक मोजणं, आणि तिथे घाई महागात पडते.

चिपने ठरवलं, पुढे काय? तिच्या पायावर पाच व्होल्ट येतात, त्यावर एक ट्रान्झिस्टर, त्यावर छोटा रिले, त्याचे संपर्क जुळले की सबस्टेशनच्या बॅटरीतून ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला वीज जाते आणि ब्रेकर उघडतो. ही शेवटची कडी लोक विसरतात. बॅटरीत पाणी घातलेलं नसेल, टोकांवर पांढरी बुरशी चढली असेल, तर वर कितीही हुशार चिप बसवा, ब्रेकर हलत नाही. रिलेची परीक्षा म्हणजे खोटी लाट देऊन दिवा लागतो का एवढीच न घेता ब्रेकर खरोखर उघडला का इथपर्यंत घ्यायला हवी. आणि चिप स्वतःच अडकून बसली तर? त्यासाठी तिच्यात वॉचडॉग नावाचा राखणदार असतो. चिपने ठरावीक वेळात ‘मी जागी आहे’ असं कळवलं नाही तर तो तिला पुन्हा सुरू करतो.

देशात सध्या या तोडण्याच्या पायऱ्या ४९.४ पासून सुरू होतात, मग ४९.२, ४९.०, ४८.८. एकदम सगळं तोडत नाहीत, कारण जास्त तोडलं तर फ्रिक्वेन्सी उलटी उसळते. हे भारनियमनापेक्षा वेगळं आहे, हेही सांगून ठेवतो. भारनियमन आधी ठरवून, तक्ता लावून होतं. हा घाव अचानक बसतो, आणि बहुतेक वेळा थोड्या वेळाने भरूनही निघतो. इंग्लंडमध्ये ९ ऑगस्ट २०१९ रोजी वीज पडण्याच्या घटनेनंतर एक वायू केंद्र आणि एक समुद्रातलं पवन केंद्र लागोपाठ गेले, फ्रिक्वेन्सी ४८.८ ला टेकली, रिलेंनी ११ लाख ग्राहक तोडले आणि पाऊण तासाच्या आत परत जोडले. जाळं वाचलं. पण काही लोकल गाड्यांच्या आतल्या चिपना ४९ च्या खाली स्वतःला कुलूप लावायला शिकवलं होतं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना तंत्रज्ञ प्रत्यक्ष येईपर्यंत ते उघडलं नाही आणि लोक तासन् तास गाडीत बसून राहिले. जाळ्याच्या रिलेने आपलं काम चोख केलं, गाडीतल्या रिलेने घोळ घातला. दोघांतला फरक, कुणीतरी कधीतरी लिहिलेला एक आकडा.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण आता हा आकडा धाराशिवमध्येही लिहिला जातोय. आपला जिल्हा पावसात गरीब, पण ऊन आणि वारा भरपूर. कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. कळंबजवळ परळी–पुणे वाहिनीला जोडून ४०० केव्हीचं उपकेंद्र झालं ते एक हजार मेगावॅट पवन-सौर वीज उचलण्यासाठी. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ साली पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं हे लक्षात घेतलं तर ही वाट बरोबरच आहे. पण सौर पॅनलमध्ये फिरणारं चाक नाही! मघाचं गणित आठवा. पाच सेकंदांची ऊर्जा अडीचवर आली की त्याच तुटीला फ्रिक्वेन्सी दुप्पट वेगाने पडते. १.२ सेकंदांच्या जागी ०.६ सेकंद. रिलेने त्यातला ०.२ विचारात घालवला, ब्रेकरने जवळजवळ ०.१ घेतला, तर हाताशी फार काही उरत नाही.

शिवाय प्रत्येक सौर इन्व्हर्टरच्या पोटातही असाच फ्रिक्वेन्सी मोजणारा रिले असतो. जर्मनीत एके काळी नियम होता, फ्रिक्वेन्सी ५०.२ झाली की छपरावरच्या सगळ्या इन्व्हर्टरांनी बंद व्हायचं. थोडे होते तोवर ठीक. लाखो झाले तेव्हा ध्यानात आलं की ५०.२ ला हजारो मेगावॅट एका टाळीत जातील आणि वर चढलेली फ्रिक्वेन्सी दरीत कोसळेल. २०१२ मध्ये कायदा करून तीन लाखांहून जास्त संच बदलायला घ्यावे लागले. आपल्याकडे नियम वेळेवर आला. मोठ्या सौर-पवन केंद्रांनी ४७.५ ते ५२ पर्यंत जोडलेलं राहिलं पाहिजे. ते प्रत्यक्षात तपासलं जातं का, हे विचारायचं काम मात्र आपलं.

माणसं आधीपासून सज्ज असली तर काय होतं याचंही एक उदाहरण आहे. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. देशाचा भार सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरला. फ्रिक्वेन्सी ४९.७० आणि ५०.२६ यांच्या मध्येच राहिली, कारण जलविद्युत केंद्रं आधीच भरून ठेवून बरोबर वेळेला उतरवली आणि चढवली. रिले ही अशा वेळेची गोष्ट नव्हे. पूर्वसूचना न देता येणाऱ्या वेळेची आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कुणाचा फीडर तोडायचा? चिपला याच्याशी देणंघेणं नाही. ती ज्या ब्रेकरला जोडली तो उघडेल. ही यादी माणसं करतात, आधी, शांतपणे, खोलीत बसून. दवाखाने, रेल्वे, संरक्षण यांना वगळतात, ते योग्यच. मग उरतात ते गावठाण आणि शेतीचे फीडर. खेड्यातला माणूस लाइट जाण्याला सरावलेला, तो ओरडत नाही, म्हणून त्याचा फीडर यादीत टाकणं सोयीचं पडतं. आम्हाला हे मान्य नाही. सगळ्यांना वाचवण्यासाठी थोड्यांनी थोडा वेळ अंधार सोसावा, यात अन्याय नाही. पण ते थोडे नेहमी तेच असतील तर आहे. पहिल्या पायरीवरचे फीडर ठरावीक काळाने बदलावेत, यादी तालुक्याच्या ठिकाणी लावावी, आणि तिच्यात शहरांचाही वाटा दिसावा. धाराशिव शहराला उजनीचं पाणी विजेच्या पंपांनी चढून येतं. तो पंपांचा फीडर कोणत्या पायरीवर आहे, आहे की नाही, हे नगरपालिकेला ठाऊक असायला नको का?

यात आता एक नवी गुंतागुंत आली आहे. शेतीच्या फीडरवर आता सौर प्रकल्प जोडले जात आहेत, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली. भर दुपारी असा फीडर भार नसतो, तो उलट वीज देत असतो. फ्रिक्वेन्सी पडली आणि जुन्या यादीप्रमाणे रिलेने तोच फीडर तोडला तर तूट कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. रात्रीसाठी ठीक असलेली यादी दुपारी चुकीची. उपाय अवघड नाही. चिपला व्होल्टेजबरोबर करंटची दिशाही वाचू द्यायची, आणि वीज बाहेर येत असेल तर या फीडरला हात लावू नको असं सांगायचं. जुन्या वाटी-स्प्रिंगच्या रिलेला हे जमलं नसतं. मायक्रोकंट्रोलरचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे, ‘यात शेतकऱ्याने काय करायचं?’ एकच सांगतो. मोटारीला लावलेला ऑटो स्विच काढा. तुमची अडचण कळते. रात्री दोनला लाइट आली तर थंडीत उठून शेतात जायचं, साप-विंचवाचं भय, म्हणून ऑटो लावला. पण रिलेने तोडलेला फीडर परत जोडतात तेव्हा त्या फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळते ती अशी, आणि नुकतं सावरलेलं जाळं पुन्हा गचका खातं. ऑटो काढायचाच नसेल तर त्यात विलंबाची सोय असलेला घ्या, आणि शेजाऱ्याने एक मिनिट ठेवला असेल तर तुम्ही तीन ठेवा, पलीकडच्याने पाच. एका डीपीवरच्या लोकांनी बसून हे ठरवायला अर्धा तास पुरे.